मैत्रिणीसाठी गोधडी: गोव्याच्या हवेत वाळेल आणि टिकेल अशी

गोव्यात गोधडी शिवायला घेताना सगळ्यात आधी ती धुतल्यावर वाळेल कशी, याचा विचार करावा. वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात ओल कपाटात घडी करून ठेवलेल्या कपड्यांतही शिरते. कापूस भरलेली जाड रजई एकदा भिजली की आतून वाळत नाही. कापसाचे गोळे होतात, कुबट वास धरतो आणि मग काळे ठिपके दिसू लागतात. थंडी म्हणाल तर पणजी-मडगावात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा १९-२० अंशांच्या आसपास उतरतो, तेवढीच. सत्तरी, सांगे, काणकोणच्या आतल्या गावांत जरा जास्त. त्यामुळे इथल्या गोधडीला चार थर पुरतात, आणि तेही वापरून मऊ झालेल्या सुती साडीचे. अशी गोधडी वजनाला सव्वा किलोच्या आत राहते, बादलीत धुता येते आणि उन्हाच्या दिवशी सकाळी घातली तर संध्याकाळपर्यंत वाळते. खाली दिलेली मापं, दोरा आणि टाक्यांमधलं अंतर या चार थरांच्या हिशेबानेच आहेत.

चवथ (गणेश चतुर्थी) आटोपली की कामाला लागावं. पाऊस ओसरलेला असतो, ऑक्टोबरचं कडक ऊन कपडे धुवून वाळवायला मिळतं आणि पुढचे कोरडे महिने शिवायला मिळतात. एका माणसाच्या पूर्ण गोधडीला हाताने साधारण ३० ते ४० तास लागतात. रोज दीड तास बसलात तर महिनाभराचं काम. मैत्रिणीचं लग्न किंवा वाढदिवस कधी आहे ते बघून उलटं मोजा आणि वर पंधरा दिवस सोडा. शेवटच्या आठवड्यात घाईने घातलेले टाके लांबट होतात आणि पहिले तेच सुटतात.

साड्या कोणाच्या आणि कशा

तीन सुती पाचवारी साड्या लागतील. मैत्रिणीला द्यायची गोधडी म्हटल्यावर त्यातली निदान एक तरी तिच्या घरची असावी: तिच्या आईची, आजीची, नाहीतर मावशीची. मागताना त्या साडीचं काय करणार ते सरळ सांगा. कापलेली साडी परत जुळत नाही, आणि काही घरांत गेलेल्या माणसाच्या साडीला कात्री लावलेली चालत नाही. आई-आजीला सांगितलं म्हणून गुपित फुटत नाही. उलट कुठली साडी द्यायची ते त्याच जास्त चांगलं सुचवतील.

साडी सुती आहे की नाही याची खात्री हाताच्या स्पर्शावरून होत नाही. काठाजवळचे दोन-चार धागे काढून चिमट्यात धरून जाळा. सूत कागदासारखं जळतं आणि करडी, बोटांनी चुरडणारी राख उरते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. मिश्र सुताची किंवा नायलॉनची साडी मधल्या थरातसुद्धा घालू नका. धुतल्यावर सूत आटतं आणि पॉलिएस्टर आटत नाही, मग वरचा थर चुण्यांनी भरतो आणि ते नंतर कशानेच सुधारत नाही.

पुढची परीक्षा मजबुतीची. साडी खिडकीसमोर उजेडात धरा. जिथे उजेड जास्त झिरपतो तिथे सूत विरलंय. मग दोन्ही अंगठे एकमेकांना टेकवून कापड दोन्ही बाजूंना ओढा. ‘टर्र’ असा आवाज आला तर तो भाग सोडा. बसून बसून साडी मागच्या बाजूला विरते आणि निऱ्यांच्या खालच्या कडेला झिजते. पदराकडचा आणि आत खोचलेला भाग बहुधा शाबूत असतो. थोडं विरलेलं कापड मधल्या थरांना चालतं. वर आणि खाली मात्र शाबूतच घ्या, कारण दोरा कापडाला ओढत असतो आणि विरलेल्या कापडात टाक्याचं भोक मोठं होत जातं.

लाल-पांढऱ्या चौकड्यांची कुणबी साडी मिळाली तर ती वर घालावी. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ही वीण पुन्हा लोकांसमोर आणल्यापासून नव्याने विणलेल्याही मिळतात. गोधडीसाठी तिचा मोठा गुण म्हणजे चौकड्याच रेघा आखून देतात, खडू-पट्टी लागत नाही. फक्त तिचा लाल रंग तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

रंग तपासायचा तो असा: साडीचा एक कोपरा कोमट साबणाच्या पाण्यात भिजवा, पांढऱ्या सुती फडक्यात दाबा आणि त्यावर गरम इस्त्री फिरवा. फडकं रंगलं तर साडी वेगळी तीन वेळा धुवा आणि पुन्हा तपासा. तिसऱ्यांदाही डाग उमटला तर ती साडी बाजूला ठेवा. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात, पण आजच्या बहुतेक रंगांवर मिठाचा तसा उपयोग होत नाही. पांढऱ्या थराशेजारी बसलेला कच्चा लाल पहिल्याच धुण्यात सगळी गोधडी गुलाबी करून टाकतो.

सगळ्या साड्या फॉल उसवून, कोमट पाण्यात भिजवून धुवा. जुन्या साडीत खळ असते, आणि खळीवर कसर येते, बुरशीही तिथेच आधी धरते. पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत खळबळा. कडकडीत वाळवा आणि इस्त्री करा. हे धुणं टाळलं तर कापड गोधडी झाल्यावर आटेल.

बाकीचं सामान

आठ नंबरचा सुती भरतकामाचा दोरा, दहा ग्रॅमचे चार गुंडे. एका गुंड्यात साधारण ८० मीटर दोरा असतो. टाके पडतात १७० मीटर, पण टाक्यातलं वरखाली जाणं आणि टोकाला वाया जाणारा दोरा धरला की तीन गुंडे जेमतेम पुरतात. चौथा त्याच वेळी, त्याच रंगाच्या छटेचा घेऊन ठेवा. महिन्याने त्याच क्रमांकाचा दोरा आणला तरी छटा थोडी वेगळी निघू शकते. शिलाई मशीनचं रीळ वापरू नका. ते बारीक असतं आणि चार थर पेलताना कापड कापतं.

सुई लांब, टोकदार आणि मोठ्या नेढ्याची. अंगुस्तान हवंच, त्याशिवाय चार थरांतून दिवसाला दीड तास सुई ढकलवत नाही. साबणाची वापरून उरलेली पातळ चकती आखायला सगळ्यात चांगली, धुतली की जाते. पेनची रेघ जात नाही. सेफ्टीपिना मात्र बाजूला ठेवा. समुद्राकाठच्या हवेत लोखंडी पिन कापडात काही दिवस राहिली तरी तिच्याभोवती तांबूस गंजाचा डाग पडतो, आणि सुती कापडावरचा गंज सहजी निघत नाही. थर धरून ठेवायला कच्चे टाकेच घाला. शिवून उठताना सुईसुद्धा गोधडीत टोचून ठेवू नका. थोडी टाल्कम पावडर घातलेल्या डबीत ठेवा.

कापणं आणि जोडणं

तयार गोधडी साधारण पाच फूट रुंद आणि सात फूट लांब हवी. पाचवारी साडी साडेपाच मीटर लांब आणि सव्वा मीटरला थोडी कमी, बहुतेक ११५ सेंटिमीटर रुंद असते. प्रत्येक साडीचे १५५ सेंटिमीटर लांबीचे तीन तुकडे करा, वर ८५ सेंटिमीटर उरतं. साधी वीण असेल तर कात्रीने छोटा छेद देऊन फाडा. कापड धाग्याच्या रेषेत फाटतं आणि कड सरळ येते. कात्रीने कापलेली कड नजरेला सरळ दिसते पण धाग्याशी तिरपी असते, आणि तिरपं कापड शिवताना ताणलं जातं.

दोन तुकडे काठाला काठ लावून जोडले की १५५ बाय साधारण २२८ सेंटिमीटरचा एक थर होतो. तीन साड्यांचे नऊ तुकडे, त्यातले आठ चार थरांना गेले, एक उरला. त्या उरलेल्या तुकड्यावर आधी टाक्यांचा हात बसवा आणि नंतर त्याचीच गोधडी ठेवायची पिशवी शिवा. वरच्या थराला एकाच साडीचे दोन तुकडे घ्या, खालच्याला दुसरीचे. गडद साडी फिक्या रंगाच्या लगेच खाली ठेवू नका, झाक वर दिसते. काठ जरीचा किंवा जाड असेल तर तो आधी उसवून किंवा कापून वेगळा करा. जरीतून सुई जात नाही. काठ गेल्यामुळे लांबी कमी पडली तर उरलेल्या ८५ सेंटिमीटरमधून पट्टी जोडून भरून काढा.

जोडशिवण एक सेंटिमीटर आत, मशीनने चालेल. शिवणीचे दोन्ही पदर उघडून इस्त्रीने दाबा. मग प्रत्येक थर २२० सेंटिमीटरवर आणताना जास्तीचं कापड दर वेळी वेगळ्या बाजूने कापा: एका थराचं सगळं डोक्याकडून, दुसऱ्याचं सगळं पायाकडून, उरलेल्या दोघांचं दोन्हीकडून कमीजास्त. त्यामुळे चारही शिवणी एकावर एक न येता दोन-दोन सेंटिमीटर पुढेमागे सरकतात. त्या एकाच रेषेत आल्या तर गोधडीच्या मधोमध बोटभर जाड वळ येतो, सुई तिथे अडते, वाकते, कधी मोडतेही.

नाव घालायचं असेल तर आत्ताच, वरच्या थरावर, कोपऱ्यापासून वीतभर आत. साखळी टाक्याने अक्षर आणि साल. नंतर चार थरांतून भरलं तर गाठी खालच्या बाजूला दिसतात.

थर पसरणं

हे काम दोघींनी, फरशीवर करा. दोन फुटी टाइल्स असतील तर त्यांच्या सांध्यांच्या रेषा गुण्यासारख्या वापरता येतात. फरशी पुसून पूर्ण वाळू द्या. खालचा थर उलटी बाजू वर करून पसरा, कडा सांध्यांना समांतर लावा आणि चारही बाजूंनी चिकटपट्टीने फरशीला चिकटवा. कापड सपाट बसलं पाहिजे, ढोलकीसारखं ताणलेलं नको. ताणलेलं कापड पट्टी काढताच आखडतं आणि वरचे थर सैल पडतात. त्यावर मधले दोन, शेवटी वरचा, सुलटी बाजू वर. प्रत्येक थर घातल्यावर तळहाताने मधून बाहेर सारखा करा.

आता कच्चे टाके. बारीक पांढऱ्या दोऱ्याने, एकेक टाका पाच ते सात सेंटिमीटर लांब. मध्यापासून आधी उभी आणि आडवी ओळ, मग १५-१५ सेंटिमीटरवर पुढच्या ओळी, सगळ्या मधून बाहेर जाणाऱ्या. याला दीड-दोन तास लागतात आणि इथेच कंटाळा करून लोक ओळी विरळ घालतात. पुढे महिनाभर गोधडी मांडीवर उलटसुलट होणार असते. विरळ टाके घातले तर आतले थर सरकून एका बाजूला गोळा होतात आणि ते कळतं तेव्हा अर्धी गोधडी शिवून झालेली असते.

धावदोरा

टाका साधाच. वर पाच-सहा मिलिमीटर दिसावा, खाली चार-पाच मिलिमीटर जावा. ओळींमध्ये दोन सेंटिमीटर अंतर. याहून दाट घातल्या तर गोधडी पुठ्ठ्यासारखी ताठ होते आणि वाळायलाही वेळ लागतो. चार सेंटिमीटरच्या पुढे गेलात तर धुताना आतले थर फुगतात.

दोरा एका वेळी हातभर, ६० ते ७५ सेंटिमीटर. लांब दोरा भराभर संपत नाही म्हणून बरा वाटतो, पण प्रत्येक टाक्याला तो कापडातून घासून जातो आणि शेवटच्या वीतभर भागात केस सुटून विरतो. गाठ थरांच्या मध्ये लपवायची: सुई सुरुवातीच्या जागेपासून दोन सेंटिमीटर अलीकडे फक्त वरच्या थरातून आत घाला, ओळीवर बाहेर काढा आणि दोरा हलकेच ओढा. गाठ टप्प करून आत शिरते. जोरात ओढली तर ती ओळीतून बाहेर येते, म्हणून दुसरा हात तिथे दाबून ठेवा. संपवताना शेवटच्या टाक्याजवळ दोन बारीक उलटे टाके घ्या, सुई थरांच्या मधून पाच-सहा सेंटिमीटर नेऊन बाहेर काढा आणि दोरा कापडालगत कापा. शेजारशेजारच्या ओळींत जोड एकाच जागी येऊ देऊ नका.

पहिली ओळ लांबीच्या मधोमध घाला, तीही मध्यापासून. दोरा नेहमीच्या दुप्पट घ्या, अर्धा बाहेर लोंबता ठेवून डोक्याकडे शिवत जा, मग लोंबता अर्धा सुईत ओवून पायाकडे. मध्यावर गाठच येत नाही. त्यानंतर एक ओळ उजवीकडे, एक डावीकडे, असं बाहेर सरकत जा. पारंपरिक गोधडी कडेकडून आत चौकोनात चौकोन अशी शिवतात, आणि दिसते ती खरोखर सुंदर. पण त्या पद्धतीत कापडाचा जास्तीचा सैलपणा मध्यावर ढकलला जातो आणि हात बसलेला नसेल तर तिथे फुगा येतो. पहिल्या गोधडीला मधून बाहेर हेच बरं. सैलपणा कडेला निघून जातो, तिथे तो कापता येतो.

कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी (मूळ आफ्रिकी वंशाच्या) समाजातल्या बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, पाहिली असेल तर त्यांचं काम कोपऱ्यापासून सुरू होऊन आत फिरत जातं हे लक्षात येईल. त्या रंगीत तुकडे शिवता शिवता बसवत जातात, त्यामुळे सैलपणा प्रत्येक तुकड्याबरोबर जिरतो. ती रीत तुकड्यांच्या गोधडीची आहे, अख्ख्या साडीच्या थरांना ती तशीच लावू नये.

प्रत्येक ओळ संपली की दोन गोष्टी करा. ओळीची दोन्ही टोकं धरून हलकेच ताणा, म्हणजे आवळलेला दोरा सैल होतो. कापडावर बारीक चुण्या दिसल्या तर समजा, दोरा जास्त ओढला जातोय. एका बैठकीत हात सैल आणि दुसरीत घट्ट असंही होतं, बोलत-बोलत शिवताना तर हमखास. मग गोधडी उलटी करा आणि खालच्या बाजूला टाके उमटले आहेत का ते बोटाने चाचपा. खालचा थर सुटला असेल तर ती ओळ तिथल्या तिथे उसवा. दहा ओळींनंतर पाहिलं तर दहा ओळी उसवाव्या लागतील.

हाताला घाम येऊन सुई चिकटायला लागली की कोरड्या साबणात एकदा टोचून काढा, सरसर जाते. शिवायला दुपारी बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) बसा. तिरप्या उजेडात टाक्याची सावली पडते आणि ओळ वाकडी जाऊ लागली की लगेच कळतं.

गोट

सगळ्या ओळी झाल्यावर कच्चे टाके काढा, कडा सरळ कापून घ्या. टाक्यांमुळे गोधडी दोन-चार सेंटिमीटर आखडलेली असेल, ते ठरलेलंच आहे. उरलेल्या ८५ सेंटिमीटरच्या तुकड्यातून सहा सेंटिमीटर रुंदीच्या, ११५ सेंटिमीटर लांबीच्या सात पट्ट्या काढा. जोडून पावणेआठ मीटरहून जास्त गोट मिळतो आणि घेर भरतो साडेसात मीटर. पट्टी सुलट्या बाजूवर कडेला कड लावून सव्वा सेंटिमीटर आत शिवा, मग उलटी वळवून, कड आत दुमडून, हाताने तुरपाई करा. कोपऱ्यावर पट्टी ओढू नका. शिवण कडेच्या सव्वा सेंटिमीटर आधी थांबवून पट्टी ४५ अंशात वर दुमडा, परत खाली आणा आणि पुढच्या बाजूची शिवण सुरू करा. ओढलेला कोपरा कायम वर वळलेला राहतो.

हौस असेल तर कवंदीसारखी कोपऱ्याला फुलं लावा. आठ सेंटिमीटरचे चौकोन दोनदा तिरपे दुमडून त्रिकोण करायचे, तीन-चार रंग एकात एक बसवून गोटाच्या शिवणीत धरायचे. दहा मिनिटांचं काम, पण भेट उघडताना हात पहिला तिथेच जातो.

मैत्रिणीच्या बाळासाठी करायची असेल तर ७५ बाय १०० सेंटिमीटर आणि दोनच थर. फुलं, मणी, जरीकाम काही नको, आणि गाठी सगळ्या आत.

देण्याआधी

एकदा धुवून द्या. साबणाच्या खुणा, हाताचा मळ निघून जातो आणि टाके कापडात बसतात. पिळू नका, दाबून पाणी काढा. वाळत घालताना दोन समांतर दोऱ्यांवर आडवी पसरा. ओली गोधडी एकाच दोरीवर लोंबली तर तिच्या वजनाने मधले टाके ताणतात. रंग उडू नये म्हणून उलटी बाजू उन्हाकडे. हाताला गार लागते तोवर ती वाळलेली नाही असं समजा आणि घडी घालू नका.

उरलेल्या तुकड्याच्या सुती पिशवीत घडी घालून ठेवा, प्लॅस्टिकच्या नाही, प्लॅस्टिकमध्ये ओल अडकते. वाळलेला कडुलिंबाचा पाला छोट्या पुरचुंडीत बांधून टाका. मैत्रिणीला एवढंच सांगा: पावसाळ्यात धुऊ नको, उघडीप मिळेल तेव्हा तासभर वारा दे, आणि दर वर्षी घडी वेगळ्या रेषेत मोड, कारण एकाच घडीवर सूत विरतं. पिशवीत उरलेला दोऱ्याचा गुंडा आणि एक सुई ठेवून द्या, म्हणजे कुठे टाका सुटला तर तिच्याकडे तोच रंग असेल.